नावं संपेपर्यंत बसा

मुलांनो,

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून पत्र आलं आहे. लिहिणारी बारावीत आहे. अक्षर नेटकं, मजकूर चार पानी. ती लिहिते, "बाई, मला सिनेमा करायचाय. नटी व्हायचं नाही, सिनेमा तयार करायचाय. मोठ्या शहरात एक संस्था आहे, तिथे बारावीनंतर तीन वर्षांचा फिल्म प्रॉडक्शनचा कोर्स असतो. त्यांचा रोज फोन येतो. आठ दिवसांत पन्नास हजार भरले तरच जागा राहील म्हणतात. घेऊ का प्रवेश?" आणि चौथ्या पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी आहेत : "मुलीला नाही म्हणवत नाही. पण तीन वर्षांची फी भरायची तर शेताचा तुकडा काढावा लागेल. इथे विचारायला कोणी नाही. – तिचे वडील."

वरची चार पानं मी एकदा वाचली. खालच्या दोन ओळी तीनदा वाचल्या.

आठ दिवसांची मुदत होती म्हणून त्या दोघांना उत्तर लगेच कळवलं : पैसे भरू नका, निदान आत्ता तरी नको. पण हाच प्रश्न घेऊन आणखीही पत्रं येतात. कुणाला दिग्दर्शन शिकायचं असतं, कुणाला कॅमेरा, कुणाला नुसतंच 'फिल्म लाइन'. तेव्हा आज याच विषयावर बोलू या. पालकांनीही हे पान वाचावं, अर्धं त्यांच्यासाठीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई चौथीच्या वर्गाच्या, पाढे आणि शुद्धलेखन हा त्यांचा प्रांत, त्यांना सिनेमातलं काय कळतं? खरं आहे. म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. तो मुंबईत मालिकांच्या शूटिंगमध्ये प्रॉडक्शनचं काम करतो. त्याने पहिलंच वाक्य काय सांगितलं? "बाई, मुलांना सांगा, सिनेमा संपला की लगेच उठू नका. नावं संपेपर्यंत बसा."

शेवटी पडद्यावर सरसर वर जाणारी ती नावं आपण कधी वाचतो? दिवे लागतात, लोक चपला शोधतात, आपण दाराकडे पळतो. पण सिनेमाचं कॉलेज निवडायची पहिली पायरी तिथेच आहे. त्या नावांत दिग्दर्शक एक असतो. बाकीचे शंभर-दोनशे कोण? छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कला-दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, आणि एक भली मोठी यादी असते ती निर्मिती विभागाची. निर्माता, कार्यकारी निर्माता, लाइन प्रोड्यूसर, प्रॉडक्शन मॅनेजर, त्यांचे सहायक. यातल्या कुठल्या ओळीत आपलं नाव असावं असं वाटतं? हे ठरल्याशिवाय कॉलेज शोधणं म्हणजे कुठल्या गावाला जायचं ते न ठरवता एस.टी. स्टँडवर जाऊन उभं राहणं.

'फिल्म प्रॉडक्शन' या शब्दाचा एक घोळही आहे, तो आधी सोडवू. काही संस्था हा शब्द 'सिनेमा तयार करणं' एवढ्या मोठ्या अर्थाने वापरतात. तिथे थोडं दिग्दर्शन, थोडा कॅमेरा, थोडं संकलन असं सगळंच शिकवतात. पण सिनेमावाल्यांच्या रोजच्या बोलण्यात प्रॉडक्शन म्हणजे निर्मितीची व्यवस्था : पैसा उभा करणं, तो पुरवणं, माणसं, जागा, परवानग्या, गाड्या, जेवण, वेळापत्रक. माझा विद्यार्थी म्हणतो, "बाई, पन्नास माणसं सकाळी सहाला येणार म्हणजे चहा साडेपाचला हवा. हे ज्याला आपणहून सुचतं तो प्रॉडक्शनचा माणूस."

तो काय करतो बघा. पटकथा हातात आली की ती फोडतो. एकेका प्रसंगापुढे लिहितो, जागा कुठली, दिवस की रात्र, माणसं कोण, वस्तू काय काय. मग एका जागेचे सगळे प्रसंग एकत्र करतो. विहिरीवरचा पहिला प्रसंग आणि विहिरीवरचा शेवटचा प्रसंग एकाच दिवशी उरकायचे, म्हणजे गाडीभाडं वाचलं. म्हणून पडद्यावरची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत जात असली, तरी शूटिंग तसं होतंच असं नाही. शेवट पहिल्या दिवशीही घेतला जातो. रात्री तो उद्याची कॉलशीट काढतो. कुणी किती वाजता कुठे हजर राहायचं, त्याचा तो कागद. तो चुकला तर एवढं मोठं युनिट हातावर हात ठेवून बसतं, आणि बसलेल्या युनिटचेही पैसे द्यावेच लागतात.

हे ऐकताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. मागच्या वर्षी चौथीच्या मुलांनी माझ्याच मोबाईलवर गावच्या विहिरीवर तीन मिनिटांची फिल्म केली. फोन हातात घ्यायला सगळ्यांची झुंबड. ही एकटी झुंबडीत नव्हती. ती आदल्या दिवशी विहिरीच्या मालकांकडे जाऊन परवानगी घेऊन आली होती. दहाच्या पुढे विहिरीवर आंब्याची सावली येते हे तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरं पाणी शेंदायला लागली तशी ओरडली, "थांबा! कालची बादली निळी होती!" आम्ही स्टीलची घेऊन आलो होतो. मग एकजण धावत घरी गेला आणि निळी घेऊन आला. बिस्किटांच्या पुड्यांचा हिशेबही तिच्याच वहीत होता, पैशापर्यंत बरोबर. मी तिला फक्त 'हुशार' म्हटलं. तिने त्या दोन दिवसांत केलेल्या कामांना सिनेमात निरनिराळी नावं आहेत आणि त्यांवर माणसांची पोटं चालतात, हे मला आता कळतंय.

आता कॉलेजांकडे वळू.

एक काळ असा होता की सिनेमाचं कॉलेजच नव्हतं. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पण चित्रकला आणि छायाचित्रण. सिनेमा शिकायला, यंत्र आणायला ते १९१२ साली लंडनला गेले. परत आल्यावर पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी काय केलं, तर वाटाण्याचा कोंब कसा वाढतो ते रोज थोडं थोडं टिपून एक चिमुकला चित्रपट केला आणि पैसेवाल्याला दाखवला. बघता बघता पडद्यावर वेल वाढला! मग 'राजा हरिश्चंद्र'ला भांडवल मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत झळकला. निर्मितीचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. 'मला पैसे द्या' म्हणण्याआधी त्यांनी काहीतरी करून दाखवलं. (ही सगळी धमाल 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ च्या मराठी चित्रपटात आहे. घरच्यांबरोबर जरूर पाहा.) कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तयार झाली. त्यांनी १९२९ मध्ये 'प्रभात' काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. त्याच प्रभातच्या जागेवर १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केलं. तीच आजची एफ.टी.आय.आय. ज्या स्टुडिओत 'संत तुकाराम' झाला, तिथे आज मुलं शिकतात.

पुण्याची ही संस्था आणि १९९५ पासून सुरू झालेली कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था, या दोन्ही केंद्र सरकारच्या. कोलकात्याला निर्मिती हा स्वतंत्र विषयच आहे, चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठीच्या निर्मितीचा. म्हणजे वर सांगितलेल्या साडेपाचच्या चहावाल्यांना तिथे रीतसर शिकायला मिळतं. पुण्यात दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कला-दिग्दर्शन असे विभाग आहेत. एकेका विभागात जेमतेम दहाबारा जागा आणि देशभरातून अर्ज. प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून मिळतो. या दोन्ही संस्थांना २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा अभ्यासक्रमांची नावं आणि नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहायचे. दादाने किंवा ताईने तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं चालणार नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे पान लिहायला बसले. या दोन्ही ठिकाणच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. बहुतेक विभागांना कुठल्याही शाखेची चालते, कला-दिग्दर्शनासारख्या एखाद्या विषयाला मात्र जास्तीची अट असते. म्हणजे बारावीनंतरची तीन वर्षं आपण काय शिकतो याला किंमत आहे, आणि ती वर्षं वाया जात नाहीत. रसूल पूकुट्टी हे केरळातल्या खेड्यातले. त्यांनी आधी भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग पुण्याला ध्वनी शिकले आणि २००९ साली 'स्लमडॉग मिलेनियर'च्या ध्वनीसाठी ऑस्करच्या मानकऱ्यांपैकी एक झाले. आवाज म्हणजे शेवटी भौतिकशास्त्रच, नाही का?

आता उलट बाजू बघा. आपल्या पत्रलेखिकेने तीन वर्षं आणि शेताचा तुकडा घालून त्या खासगी संस्थेचा 'डिप्लोमा' घेतला, आणि त्यावर कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसेल, तर? तर तीन वर्षांनंतर पुण्या-कोलकात्याचा अर्ज भरताना ती कागदोपत्री बारावीच! स्पर्धा परीक्षा द्यायची म्हटली तरी पदवी मागतात. म्हणून पालकांनो, फोन करणाऱ्याला एकच प्रश्न आधी विचारा : शेवटी हातात पडणाऱ्या प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचं नाव असेल? उत्तर लेखी मागा. ते नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का ते स्वतः पाहा. "आमचा कोर्स आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे" हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. आणि भरलेले पैसे कुठल्या तारखेपर्यंत, किती परत मिळतील तेही कागदावर घ्या. आठ दिवसांची घाई त्यांना असेल. तुम्हाला नाही.

खासगी संस्था सगळ्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. काहींकडे उत्तम साधनं असतात, शिकवणारी माणसं स्वतः कामातली असतात, विद्यापीठाशी जोडलेली पदवीही मिळते. फक्त वर्षाची फी काही लाखांत जाते, आणि कॅमेरा भाड्याने घेणं, शूटिंगचा खर्च, शहरातलं राहणं-खाणं हे बहुधा त्या आकड्यात नसतं. बारावीनंतरच जायचं तर इतरही वाटा आहेत. मुंबई-पुण्यातल्या काही महाविद्यालयांत फिल्म आणि टेलिव्हिजनची पदवी घेता येते. अहमदाबादच्या एन.आय.डी.त ॲनिमेशन आहे. कला-दिग्दर्शनाची ओढ असेल तर चित्रकलेचं चांगलं महाविद्यालय हाच पाया. 'मास मीडिया' नावाने जे असतं त्यात मात्र बहुधा भर वृत्तपत्रं आणि जाहिरात यांवर असतो. सिनेमा त्यात एखाद्या पेपरापुरता. विषयांची यादी वाचल्याशिवाय नावावर जाऊ नका.

आणि कॉलेज चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं? इमारतीवरून नाही, भिंतीवरच्या नटाच्या फोटोवरूनही नाही. नट एखाद्या दिवशी येऊन हार घेऊन जातो. मी तर म्हणेन, ज्या माहितीपत्रकात नटाचा फोटो मोठा आणि वेळापत्रक कुठेच नाही, तिथे मी माझं लेकरू पाठवणार नाही. सरळ सांगायचं, "तुमच्या मुलांनी गेल्या दोन वर्षांत केलेल्या फिल्म दाखवा." आणि त्या बघताना काय करायचं? बरोबर! नावं संपेपर्यंत बसायचं. दिग्दर्शन एका विद्यार्थ्याचं, कॅमेरा दुसऱ्याचा, संकलन तिसरीचं, ध्वनी चौथ्याचा, असं आहे का? की कॅमेरामन बाहेरून पैसे देऊन आणलेला? एका विद्यार्थ्याच्या वाट्याला तीन वर्षांत किती फिल्म येतात? एका कॅमेऱ्यामागे किती मुलं? नटांची व्याख्यानं नकोत, मंगळवारी सकाळी वर्गावर कोण असतं ते सांगा. जमलं तर मधल्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर उभं राहा. तिथे मुलं खरं बोलतात.

विद्यार्थ्यांची फिल्म म्हणजे काहीतरी कच्चं, असं समजू नका हं. उमेश कुलकर्णी पुण्याच्या संस्थेत शिकत होते तेव्हा त्यांनी 'गिरणी' नावाचा लघुपट केला. आई घरात गिरणी घालते, चार पैसे मिळू लागतात, पण त्या घरघरीने लहान मुलाचं डोकं भणाणून जातं. एवढीशी गोष्ट, आणि राष्ट्रीय पुरस्कार. त्याहून अलीकडची सांगते. २०२४ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात, जगभरच्या फिल्म-शाळांतल्या मुलांसाठी जो विभाग असतो, त्यात पहिलं बक्षीस पुण्याच्या संस्थेला मिळालं. गोष्ट कर्नाटकातल्या लोककथेवरची : एक म्हातारी गावचा कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवेनासा होतो! सोळा मिनिटांची फिल्म. दिग्दर्शक चिदानंद नाईक हे शिक्षणाने डॉक्टर, एम.बी.बी.एस. झालेले, आणि तेव्हा तिथल्या एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी. शूटिंग झालं चार दिवसांत. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी, चारही विभागांतल्या मुलांनी मिळून केलेलं काम.

मला वाटतं, चांगलं फिल्म कॉलेज देतं ते हेच. कॅमेरा हल्ली खिशातही असतो. रात्री दोन वाजता आपल्याबरोबर जागणारे, आपल्याहून वेगळं काम येणारे तीन-चार सोबती खिशात नसतात.

आणि कॉलेज नाहीच मिळालं तर? दार बंद झालं असं मुळीच नाही. 'कोर्ट' करणारे चैतन्य ताम्हाणे कुठल्या फिल्म-शाळेत गेले नाहीत, ते इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी. त्यांच्या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसला बक्षीस मिळालं. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या. आणि नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी मराठीत एम.ए. केलं, मग अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एका महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं आणि तिथे शिकतानाच 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे. जिल्ह्याच्या ठिकाणचं साधं महाविद्यालय, पण आत शिरलेला विद्यार्थी साधा नव्हता.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या माझ्या मुली, तुझ्यासाठी मी असं सुचवते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयात तुझ्या आवडीच्या विषयाची पदवी घे. मराठी, इतिहास, वाणिज्य, काहीही. निर्मितीत जायचं असेल तर वाणिज्यही फार उपयोगी, जमाखर्च तिथे पाचवीलाच पुजलेला. ही तीन वर्षं शेताला हात न लावता होतात. घरची अडचण असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही आहेच. मधल्या सुट्ट्यांत छोटा अभ्यासक्रम कर. पुण्याच्या संस्थेने २०१७ पासून देशात ठिकठिकाणी काही दिवसांचे, काही आठवड्यांचे वर्ग घेतले आहेत. तेवढ्यानेही आपल्याला हे जमतंय का, आवडतंय का ते कळतं. सिनेमे पाहा, पण वहीत लिहीत पाहा. दर महिन्याला एक मिनिटाची फिल्म कर, संवाद नसलेली. तीन वर्षांत छत्तीस होतील. त्यांतल्या तीस वाईट निघाल्या तरी मुलाखतीत दाखवायला सहा उरतात.

आणि भाऊ, तुम्हालाही एक विनंती. मुलगी सिनेमाचं नाव काढते म्हणून घाबरू नका. तिने नटी व्हायचंय असं लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असतं तरी ते काही पाप नव्हतं. हे मेहनतीचं, शिस्तीचं काम आहे. मिळकत सुरुवातीला अनियमित असते. माझा विद्यार्थीही पहिली दोन वर्षं चार जणांत एक खोली घेऊन राहिला, हे लपवत नाही. म्हणूनच कर्ज डोक्यावर घेऊन या कामात उतरू नये, एवढंच माझं म्हणणं. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला येतो, सिनेमातले पैसे तसे येत नाहीत. तीन वर्षांनी तिचं नाव पुण्या-कोलकात्याच्या यादीत लागलं तर राहण्या-खाण्याला पैसे लागतीलच. तेव्हासाठी शेत राहू द्या.

बाकीच्या मुलांना या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या मोबाईलवर (विचारून!) एक मिनिटाची फिल्म करा. विषय – आमच्या घरातली सकाळ. फिल्म माझ्याकडे पाठवू नका. मला वहीचं एक पान पाठवा : कुणाची परवानगी घेतली, उजेड किती वाजता चांगला होता, कुठली वस्तू ऐनवेळी सापडली नाही, खर्च किती आला, आणि शेवटी कामाप्रमाणे सगळ्यांची नावं. चहा देणाऱ्या आजीचंसुद्धा. पाकिटावर इयत्ता लिहायला विसरू नका.

तुमची,
बाई